आधी गच्ची, मग पॅनेल

गच्चीवर सोलर बसवायचं घरात ठरलं की आठवड्याभरात तीन-चार कोटेशनं जमतात. एकात ५४० वॅटची सहा पॅनेलं असतात, दुसऱ्यात ५८० वॅटची पाच. एक जण मोनो पर्क घ्या म्हणतो, दुसरा टॉपकॉनशिवाय बोलत नाही, तिसरा दोन्ही बाजूंनी वीज करणारं बायफेशियल पुढे करतो. मग घरात एकच प्रश्न फिरत राहतो : यातलं चांगलं पॅनेल कुठलं?

माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न गच्चीचा. आज नावाजलेल्या कंपन्यांच्या दोन पॅनेलांची तुलना केली, तर वर्षभराच्या विजेत थोड्या टक्क्यांचाच फरक निघतो. त्याच गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली चुकीच्या जागी पडली, तर त्याच्या कितीतरी पट वीज रोज वाया जाते, आणि ती पंचवीस वर्षं जात राहते. म्हणून पॅनेलांचे तक्ते समोर मांडण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन उभं राहायला हवं.

तरी तक्ता वाचता आला पाहिजेच. पॅनेलाच्या मागे ५४० वॅट लिहिलेलं असतं, तो आकडा कारखान्यात ठरतो. दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा ठरावीक परिस्थितीत क्षणभर झोत पाडून मोजणी होते. आपल्या गच्चीवर ही स्थिती जवळजवळ कधीच नसते, पण सगळ्या कंपन्या एकाच मापाने मोजतात, म्हणून तुलनेला तो आकडा उपयोगी पडतो. मात्र ५८० वॅटचं पॅनेल ५४० वॅटच्या पॅनेलापेक्षा सरस, असा त्याचा अर्थ होत नाही. कित्येकदा ते आकाराने मोठं असतं, एवढंच. दोन कोटेशनं समोर ठेवताना पॅनेलाची किंमत न बघता दर वॅटला किती रुपये पडतात, ते बघावं.

कार्यक्षमतेचंही तसंच. २२ टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल १७ टक्क्यांच्या पॅनेलापेक्षा जास्त वीज देतं, ते तेवढ्याच जागेत. ३ किलोवॅटचं जुन्या पॉली प्रकारातलं संयंत्र साधारण १९० चौरस फूट काच व्यापतं. २२ टक्क्यांच्या पॅनेलांना १४७ चौरस फूट पुरतात. (चालायची वाट आणि मधल्या फटी धरून एका किलोवॅटला शंभर चौरस फूट गच्ची मोकळी हवी, हा ढोबळ हिशेब कामाला येतो.) पुण्यातल्या रो-हाउसची गच्ची अर्धी टाकीने आणि अर्धी कपड्यांच्या तारांनी भरलेली असेल, तर हे चाळीस-पंचेचाळीस फूट मोलाचे आहेत. बारामतीच्या मळ्यातल्या घराची गच्ची हजार फूट मोकळी पडलेली असेल, तर कार्यक्षमतेसाठी जादा पैसे मोजायचं काही कारण नाही.

आता पर्क, टॉपकॉन ही नावं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शापिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ साली सिलिकॉनचा सोलर सेल करून दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ६ टक्क्यांच्या आसपास होती. तिथून पुढचा बहुतेक प्रवास म्हणजे वाटेत हरवणारे इलेक्ट्रॉन वाचवण्याची धडपड. प्रकाश पडला की सेलमध्ये इलेक्ट्रॉन सुटे होतात, पण तारेपर्यंत पोहोचायच्या आत त्यातले काही सेलच्या पृष्ठभागावर आणि धातूच्या जोडापाशी पुन्हा अडकतात. पर्कमध्ये सेलच्या पाठीवर एक पातळ संरक्षक थर देऊन ही गळती कमी केली. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात पुढे आणली. टॉपकॉनमध्ये धातू आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात, पण वाया जायला जागा राहत नाही. हे काम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचं, २०१३ च्या सुमाराचं. तिसरा प्रकार एचजेटी. तो जपानच्या सान्यो कंपनीने १९९० च्या दशकात बाजारात आणला. यात स्फटिकी सिलिकॉनच्या दोन्ही अंगांना अस्फटिकी सिलिकॉनचे थर देतात. पर्क साधारण २० ते २१ टक्के, टॉपकॉन आणि एचजेटी २२ टक्क्यांच्या पुढे. पॉली हा प्रकार आता कुणी स्वस्तात देऊ केला, तरी घेऊ नये.

आपल्याकडे यापेक्षा जास्त लक्ष द्यावं असा एक आकडा तक्त्यात खाली बारीक अक्षरांत दडलेला असतो : तापमान गुणांक. सेल तापला की व्होल्टेज उतरतं. पर्कमध्ये २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज कमी होते, टॉपकॉनमध्ये ०.३०, एचजेटीमध्ये ०.२५ च्या आसपास. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा पॅनेलातला सेल ७० अंशांना पोहोचतो. म्हणजे ४५ अंशांची वाढ. त्या घटकेला ५४० वॅटचं पर्क पॅनेल पूर्ण उन्हात ४५५ वॅटच्या जवळपासच देतं. मेमध्ये ऊन इतकं असूनही वीज तेवढी का वाढत नाही, असं वैदर्भीय ग्राहक विचारतात. त्याचं कारण हे. त्या कडक दुपारी पर्क आणि टॉपकॉन यांच्यात सव्वादोन टक्क्यांचा फरक पडतो, वर्षाच्या सरासरीत त्याहून कमी. विदर्भात, मराठवाड्यात टॉपकॉनला थोडे जास्त पैसे द्यावेत, असं माझं मत आहे. महाबळेश्वरला त्यासाठी ओढाताण करू नये. आणि कुठलंही पॅनेल असो, त्याच्या पाठीमागून वारा खेळला पाहिजे. सेल तीन अंशांनी थंड राहिला, तर पर्कमध्ये एक टक्का वीज वाचते. पत्र्याला चिकटवून बसवलेलं महागडं पॅनेल हा फायदा घालवून बसतं.

सावलीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि कोटेशनमध्ये तिच्यासाठी रकानाच नसतो.

पॅनेलातले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, पॅनेलंही तशीच. दिंडी सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीने पुढे सरकते, तसा या साखळीतला प्रवाह सगळ्यात अंधारलेल्या सेलइतकाच वाहू बघतो. यावर तोड म्हणून प्रत्येक पॅनेलात बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते झाकोळलेला एक-तृतीयांश भाग वळसा घालून सोडून देतात. साखळी चालू राहते, पण तळहाताएवढ्या सावलीने पॅनेलाचा तिसरा हिस्सा बंद पडलेला असतो. शिवाय झाकोळलेला सेल वीज करण्याऐवजी तापायला लागतो. कबुतरांची विष्ठा महिनोन् महिने एकाच जागी साचली, की तिथे असेच तप्त डाग पडतात. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनेलांत वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा चालतो. त्यामुळे उभ्या बसवलेल्या पॅनेलाच्या पायथ्याशी कठड्याची सावली आली, तरी वरचा अर्धा भाग काम करत राहतो. आपल्या कठडेवाल्या गच्च्यांना ही सोय फार उपयोगाची आहे, आणि आता ती बहुतेक सगळ्या पॅनेलांत मिळते.

सावली तपासायची कधी? अनेक घरांची पाहणी एप्रिल-मेमध्ये होते आणि तिथेच फसगत होते. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, कशाचीच सावली लांब पडत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. स्टँडसकट आठ फूट उंचीच्या टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे सात फूट जाते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती याहून लांब आणि तिरकी. म्हणून टाकी पॅनेलांच्या उत्तरेला असावी, पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून. महाराष्ट्रात कल १५ ते २० अंशांचा पुरतो. दिवाळीत सूर्य बऱ्यापैकी दक्षिणेला सरकलेला असतो. सुट्टीच्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर खडूने सावल्या आखून ठेवा. डिसेंबरात त्या याहून थोड्या लांबतील, एवढं लक्षात धरा. दक्षिणेला मोकळा प्लॉट असेल, तर तिथे किती मजले उभे राहू शकतात, तेही आजच विचारात घ्या. अंगणातला आंबा दहा वर्षांत केवढा होईल, हेही. आणि सावलीत येणारं सहावं पॅनेल विकत घेण्यापेक्षा पाचच बसवलेली बरी. जागा बदलणं शक्यच नसेल, तर प्रत्येक पॅनेलाला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावता येतो. तो महाग पडतो, पण एका पॅनेलाचा अंधार बाकीच्यांना बाधत नाही.

कोकणात आणि गोव्यात गणित पुन्हा बदलतं. तिथे उष्णतेपेक्षा खारा वारा आणि वादळ जास्त घातक. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ आदळलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता. दुसऱ्याच वर्षी तौक्ते येऊन गेलं. साडेसात फूट बाय पावणेचार फुटांचं पॅनेल अशा वाऱ्यात शिडासारखं काम करतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पॅनेलाइतकीच चौकशी स्ट्रक्चरची करावी. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड असावं आणि भोकं व कापकाम गॅल्व्हनाइज होण्याआधीच झालेलं असावं. गच्चीवर आणून ड्रिल मारलं, की तिथला थर जातो आणि पहिल्या पावसाळ्यातच गंजाचा ओघळ दिसतो. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलाला क्षारयुक्त हवेची आयईसी ६१७०१ ही चाचणी पास असावी. पाठीला प्लास्टिकच्या पडद्याऐवजी काचच असलेली, म्हणजे दुहेरी काचेची पॅनेलं दमट हवेत जास्त टिकतात; वजन मात्र ३० किलोंच्या पुढे जातं. कौलारू घराच्या वाशांवर हा भार आणि वाऱ्याची ओढ टाकणं मला धोक्याचं वाटतं. परसात मोकळी जागा असेल, तर जमिनीवरच सांगाडा उभारावा. स्लॅबच्या घरी वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय रोवता येतात का, ते विचारावं.

बायफेशियलबद्दल थोडक्यात. मागच्या काचेवर प्रकाश पोहोचला, तरच मागची बाजू वीज करणार. सांगाडा सात-आठ फूट उंच आणि खाली पांढरा रंग असेल, तर फायदा मिळतो. काळवंडलेल्या गच्चीपासून दीड फुटावर ते नावापुरतंच.

पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० असं अनुदान मिळतं; म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही मोठं संयंत्र घेतलं, तरी तेवढंच. याची एक अट तुलनेच्या मुळाशी जाते : पॅनेल आणि त्यातला सेल, दोन्ही भारतात बनलेले हवेत. याला बाजारात डीसीआर पॅनेल म्हणतात आणि ते महाग असतं. एका कोटेशनमध्ये डीसीआर आणि दुसऱ्यात साधं पॅनेल असेल, तर त्या दोन किमतींची तुलनाच होऊ शकत नाही. ‘मेड इन इंडिया’ एवढ्यावर समाधान मानू नका; पॅनेल इथे जोडलेलं आणि सेल बाहेरचा, असं असू शकतं. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द, कंपनी आणि मॉडेल क्रमांक लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन हाती असेल, तर नवं मागा.

वॉरंटी दोन असतात आणि विक्रेते मोठीच सांगतात. पंचवीस किंवा तीस वर्षांची वॉरंटी उत्पादनाची घट ठरावीक मर्यादेत राहील, याची : पर्कमध्ये पंचवीस वर्षांनी सुमारे ८४ टक्के, टॉपकॉनमध्ये तीस वर्षांनी ८७ टक्क्यांच्या आसपास. काच फुगली, जोडपेटी जळली, पाठचा पडदा सुटला, तर कामाला येते ती दुसरी, साधारण बारा वर्षांची. मी ही दुसरीच आधी वाचतो. बदली पॅनेल गच्चीवर चढवायची मजुरी आणि वाहतूक कोण देणार, तेही त्यात असतं. दोन पॅनेलं सगळ्या बाबतीत सारखी ठरली, तर तालुक्याच्या गावी ज्याचा माणूस फोन केल्यावर येतो, त्याचं घ्यावं.

किती किलोवॅट घ्यायचं, हे पॅनेलवाल्याला ठरवू देऊ नका. वर्षभराची बिलं समोर ठेवा. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो. महावितरणच्या घरगुती दरात शंभरच्या पुढे, तीनशेच्या पुढे युनिट महाग होत जातं. सोलरची वीज आधी वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं उडवते. म्हणून पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सगळ्यात कमी. महिन्याला अडीचशे युनिट लागणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरतात. नेट मीटरवर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात, पण आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्यांना मिळणारा मोबदला अगदी कमी असतो.

एक गोष्ट करार करण्याआधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. वीज गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लोडशेडिंगसाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

काम झाल्यावर प्रत्येक पॅनेलाचा अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्या, त्या क्रमांकाचा कारखान्यातला चाचणी अहवाल मागून घ्या, आणि डीसीआरचं प्रमाणपत्र त्याच क्रमांकांशी ताडून बघा. पॅनेलं सकाळी उन्हं तापायच्या आत धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर पांढरा थर धरतं, तेव्हा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. जुलै-ऑगस्टची युनिटं बघून घाबरायचं कारण नाही. पावसाळ्यात उत्पादन बरंच खाली येतं. ३ किलोवॅटचा ताळा एका पूर्ण वर्षाने घाला. चार हजार युनिटांच्या आसपास आकडा असेल, तर संयंत्र ठीक चाललंय. साडेतीन हजारांच्याही खाली गेला, तर पॅनेलाच्या कंपनीला फोन करण्याआधी सकाळी नऊला एकदा गच्चीवर जाऊन सावली बघा.