जुन्या सर्व्हरची डागडुजी

वारणानगरच्या परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला, तेव्हा कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात संगणक ही अपूर्वाईची वस्तू होती. उसाची नोंद, काट्यावरील वजन आणि बिलाची रक्कम शेतकऱ्याला आपल्या गावातच कळावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. पुढे त्यांपैकी काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोगही झाला. साधने बदलली, परंतु शेतकऱ्याचा हिशेब वहीतून निघून यंत्रात गेला तो गेलाच. आज साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, महाविद्यालय अशा अनेक ठिकाणी कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात अहोरात्र चालणारे एक यंत्र असते. त्यालाच सर्व्हर म्हणतात. कार्यालयातील इतर संगणक त्याच्याकडून माहिती घेतात व त्याच्याकडेच जमा करतात.

असे यंत्र चांगल्या प्रतीचे असेल तर दहा-बारा वर्षे सहज काम देते. अडचणीचे मूळ नेमके येथेच आहे. यंत्र चालू आहे, मग खर्च कशाला, असा प्रश्न सभेत निघतो आणि विषय पुढे ढकलला जातो. परंतु यंत्राचे आयुष्य वेगळे आणि त्या यंत्राला चालविणाऱ्या कार्यप्रणालीचे आयुष्य वेगळे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांचा एक प्रचंड संग्रह होय. लक्षावधी ओळींच्या या संग्रहात काही दोष राहून जातात आणि ते कित्येकदा अनेक वर्षांनी उघडकीस येतात. दोष सापडला की निर्माती कंपनी त्यावरील दुरुस्ती पाठविते. व्यवहारात तिला ‘अपडेट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. भारतात तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून येथील कार्यालयांना त्या बुधवारी सकाळी दिसतात.

ही सेवा मात्र अनंत काळ चालत नाही. विंडोज सर्व्हर २००३ ची सेवा १४ जुलै २०१५ रोजी संपली, २००८ ची १४ जानेवारी २०२० रोजी, तर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी. या शेवटच्या प्रणालीसाठी जादा शुल्क भरून दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवण्यात आली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विनामूल्य मिळते म्हणून अनेकांनी पसंत केलेल्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली.

दुरुस्ती प्रसिद्ध होताच एक विपरीत गोष्ट घडते. दोष कोठे होता, हे त्या दुरुस्तीवरूनच जाणकारांना कळते, आणि हे जाणकार सज्जनच असतात असे नाही. ज्यांनी दुरुस्ती बसविली ते सुरक्षित होतात. ज्यांनी बसविली नाही त्यांचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने अशाच एका गंभीर दोषावर दुरुस्ती दिली. १२ मे रोजी, म्हणजे दोन महिने पुरते होण्याच्या आत, ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने त्याच दोषातून जगभर शिरकाव केला. ब्रिटनमधील रुग्णालयांना नेमून दिलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. परिस्थिती एवढी बिकट झाली की सेवा संपलेल्या सर्व्हर २००३ साठीही कंपनीने अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. असा अपवाद पुन्हा होईल, यावर कोणत्याही संस्थेने विसंबू नये.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू पसरला आणि त्याची झळ महाराष्ट्रालाही लागली. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक ठप्प झाल्याने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले व कंटेनरची वाहतूक खोळंबली. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या जाळ्याचा मुख्य नोंदसंग्रह सर्वत्र नष्ट झाला होता. घाना देशातील एका कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे तेथील एकमेव प्रत वाचली. भारनियमनाला कंटाळलेल्या वाचकांना ही हकीकत गमतीची वाटेल.

या दुसऱ्या प्रकरणाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. हा विषाणू मुळात शिरला तो युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अपडेटमधूनच. शिवाय दुरुस्ती बसविलेल्या संगणकांवरही तो चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने पोहोचू शकत होता. तेव्हा अपडेट म्हणजे अभेद्य कवच नव्हे. उघडा राहिलेला दरवाजा तेवढा त्याने बंद होतो, आणि तेवढ्यापुरते ते अगत्याचे आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे घालण्याचा आणि काढण्याचा काळ ठरलेला असतो. सर्व्हरच्या डागडुजीलाही अशी वेळ ठरवून द्यावी लागते. साखर कारखान्याचा काटा हंगामात रात्रंदिवस चालतो, म्हणून दुरुस्त्या हंगाम संपेपर्यंत थांबविण्याकडे कल असतो. पण गाळपाचे चार-पाच महिने थांबणे किती महाग पडू शकते, ते वरील दोन महिन्यांच्या उदाहरणावरून दिसते. ऊस गाळपास गेल्यापासून १४ दिवसांत रास्त दराने बिल देण्याचे बंधन कायद्याने आहे, आणि हिशेबाचे यंत्रच बंद पडले तर ते कसे पाळणार? पाळी बदलताना तासाभराची सवड काढणे शक्य असते. दूध संस्थेत सकाळचे संकलन आटोपल्यावर संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळतो; दहा दिवसांची बिले काढण्याचा दिवस तेवढा टाळावा. शासकीय कार्यालयांनी मार्चअखेरच्या गर्दीत हे काम अंगावर घेऊ नये.

प्रत्यक्ष कामात पहिला मान राखीव प्रतीचा. सर्व माहितीची प्रत स्वतंत्र साधनावर घ्यावी, ते साधन सर्व्हरपासून सोडवून ठेवावे आणि त्या प्रतीवरून एखादी नोंद खरोखर परत मिळते की नाही, हे करून पाहावे. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. प्रत त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ठेवण्यातही अर्थ नाही. पंचगंगेने २०१९ आणि २०२१ साली काय केले, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको.

दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या सर्व्हरवर नवी दुरुस्ती थेट बसत नाही, याचे कर्मचाऱ्यांना नवल वाटते. त्याला कारण आहे. दुरुस्ती खऱ्या निर्मात्याकडूनच आली, हे ओळखण्याची सांकेतिक मुद्रा २०१९ साली बदलण्यात आली. सर्व्हर २००८ सारख्या प्रणालींना ही नवी मुद्रा ओळखता येण्यासाठी आधीची काही अपडेट बसवावी लागत. त्यांशिवाय पुढील सारी नाकारली जात. म्हणून क्रम पाळावा, तबकडीवर पुरेशी मोकळी जागा आहे याची खात्री करावी आणि शक्य असल्यास प्रथम दुसऱ्या एका यंत्रावर प्रयोग करावा. काम झाल्यावर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. ते टाळले तर दुरुस्ती बसल्यासारखी दिसते, परंतु तिचा अंमल सुरू झालेला नसतो. त्यानंतर बिलाचा एखादा नमुना छापून पाहावा व कामाची तारीख नोंदवहीत लिहावी.

ज्या प्रणालीसाठी दुरुस्त्या मिळणेच बंद झाले आहे, तिच्याबाबत मार्ग अरुंद आहे. असा सर्व्हर इंटरनेटपासून तोडावा, नको असलेल्या सेवा बंद कराव्यात आणि ठरावीक दोन-तीन संगणकांनाच त्याच्याशी बोलू द्यावे. वॉनाक्राय ज्या जुन्या फाइल-वाटप पद्धतीतून शिरला, ती आजही कित्येक ठिकाणी विनाकारण चालू असते. हा उपाय तात्पुरता आहे, हे मात्र कागदावर लिहून ठेवावे. नाहीतर तात्पुरत्याचे कायमचे होण्यास वेळ लागत नाही.

हल्ला झालाच, तर तो झाकून ठेवण्याची सोय नाही. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्यांनी अशा घटनेची खबर सहा तासांच्या आत द्यावयाची आहे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वतंत्र नियमावली घालून दिली असून दुरुस्त्या वेळेवर बसविणे हा तिचा भाग आहे. लहान पतसंस्थेत मात्र हे काम कोणाचे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित असतो. यंत्र विकणारा वर्षातून एकदा येतो, लिपिकाला परवलीचा शब्द ठाऊक नसतो आणि सचिवाला विषय तांत्रिक वाटतो. एका व्यक्तीचे नाव ठरावात घालून तिला महिन्यातील एक दिवस देणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

विंडोज सर्व्हर २०१६ ची सेवा १२ जानेवारी २०२७ रोजी संपावयाची आहे. ज्या संस्थांत ही प्रणाली आहे, त्यांना बदलीची तरतूद २०२६-२७ च्या अंदाजपत्रकातच करावी लागेल.