एकशे तेहतीस तारांचा हिशेब

जीपच्या पुढच्या बंपरमागे विंच बसवलेली असते आणि तिच्या ड्रमवर वायर गुंडाळलेली असते. ८,००० पौंडांची, म्हणजे साधारण ३,६०० किलो ओढणारी विंच असेल तर ही वायर बहुधा ८ मिलिमीटर जाडीची. तिची घडण ठरलेली आहे: १९ बारीक तारा पिळून एक पेड, असे सात पेड, एक गाभ्याला, सहा त्याच्याभोवती. एकूण १३३ तारा. वायर बदलायची वेळ झाली की नाही, हा प्रश्न शेवटी या १३३ तारांच्या हजेरीचा आहे.

पोलादी दोर जन्माला आला तोच मुळी साखळीला कंटाळून. जर्मनीतल्या हार्झ डोंगरात, क्लाउस्टालच्या खाणींत, माल वर ओढायला वाखाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. दोर कुजत आणि साखळ्या अचानक तुटत. तिथले खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी साखळ्यांना पुन्हा पुन्हा ताण देऊन त्या कशा थकतात हे तपासलं आणि १८३७ मध्ये ते निष्कर्ष छापले. धातूच्या थकव्याचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. त्याआधीच, १८३४ मध्ये, त्यांनी लोखंडी तारांचा दोर खाणीत चालवून दाखवला होता. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड, सगळं हाताने पिळलेलं. साखळीची एक कडी गेली की सगळंच गेलं. दोराची एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा उचलतात, आणि पिळाच्या घर्षणामुळे ती तुटलेली तारसुद्धा थोड्या अंतरावर पुन्हा कामाला लागते.

याच गुणात धोकाही आहे. दोर दुखणं लपवतो. दहा तारा गेल्या तरी गाडी चिखलातून निघते, आणि मालकाला वाटतं वायर ठणठणीत आहे.

क्रेनच्या जगात यावर नियम आहेत. अमेरिकेतल्या नियमांनुसार पेडाचा दोराभोवती एक पूर्ण वेढा होतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात तीन, तर चालता दोर बाद. जाडी पाच टक्क्यांहून जास्त घटली तरी बाद. विंचवालेही हेच आकडे सांगतात. माझं मत असं की ते विंचसाठी फार सैल आहेत.

विहिरीवर मोट चालायची तेव्हा नाडा कुठे विरतो हे कुणाला सांगावं लागत नसे: चाकावर वळतो तिथे. विंचच्या वायरीचंही दुखणं वळण्यातच आहे. क्रेनच्या ड्रमचा व्यास दोराच्या पंधरा-अठरा पट तरी असतो. विंचचा ड्रम असतो सुमारे ६४ मिलिमीटरचा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या वायरीच्या जेमतेम आठपट. प्रत्येक वेढ्याला तारा त्यांना न मानवणाऱ्या कोनात वाकतात. त्यात बळाची शिल्लकही नाही. क्रेनचा दोर भाराच्या किमान तिप्पट-चौपट ताकदीचा घेतात. ८ मिलिमीटरची नवी वायर सुमारे ४,४०० किलोला तुटते आणि विंच ओढते ३,६००. जेमतेम सव्वापट. एवढ्याशा शिल्लकीतून सहा तारांची उधारी द्यायची कशाला? (कप्पी लावून वायर दुहेरी केली की तेवढ्याच ओढीला ताण निम्मा होतो. वायरीचं आयुष्य वाढवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तरी कप्पी बहुतेकांच्या डिकीत पडून असते.)

तपासणी भर उजेडात करावी. ड्रमवर शेवटचे पाच वेढे ठेवून बाकी वायर पूर्ण सोडायची, हातात चामडी मोजे घालायचे आणि सुती फडकं वायरीवरून हळूहळू ओढत न्यायचं. तुटलेलं टोक असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. उंचवट्यावरची तुटलेली तार झिजेने गेलेली असते. दोन पेडांच्या मधल्या खाचेत तुटलेली दिसली तर ते आतल्या दुखण्याचं लक्षण. अशा दोन सापडल्या की पुढे मोजत बसू नये. जाडी व्हर्नियरने मोजताना जबडे समोरासमोरच्या पेडांच्या उंचवट्यांवर बसले पाहिजेत. ८ मिलिमीटरमध्ये पाच टक्के म्हणजे ०.४ मिलिमीटर, तेव्हा डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

गाठीसारखा पडलेला मोड मात्र मोजमापाच्या पलीकडचा. सैल वायरीत फास पडतो, तो तसाच ओढला जातो, मग कुणीतरी हातोडीने ठोकून सरळ करतो. वायर सरळ दिसते, पण त्या जागी पेडांची लांबी सारखी राहिलेली नसते आणि भार दोन-तीन पेडांवरच येतो. पेड फुगून पिंजऱ्यासारखे उघडले, गाभा बाहेर डोकावला, पेडांच्या मधून तांबूस भुकटी झडू लागली, तरीही वायर बादच. कोकणच्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा फार काळ साथ देत नाही, आणि चिखलाने माखलेली वायर तशीच गुंडाळली तर गंज आतून सुरू होतो. सैल गुंडाळलेल्या वायरीचा वरचा वेढा ताण आला की खालच्या थरांत घुसतो आणि तिथले वेढे चेपतो. हे चेपलेपण वायर पूर्ण सोडल्याशिवाय दिसत नाही.

बिघाड हुकाजवळच्या एक-दोन मीटरमध्येच असेल तर तेवढा तुकडा कापून चालतं. मात्र नवं टोक यंत्राने दाबून घ्यावं. यू-बोल्टचे क्लिप अगदी नीट लावले तरी टोकाची ताकद सुमारे ८० टक्केच राहते. ४,४०० चे ८० टक्के म्हणजे ३,५२०, विंचच्या ओढीपेक्षाही कमी.

आता बरेच जण डायनीमासारख्या धाग्याचा दोर लावतात. तो हलका, पाण्यावर तरंगणारा, आणि तुटला तर पोलादी वायरीइतका जोरात उसळत नाही. त्याचे निकष वेगळे. वरवरची लव घाबरण्यासारखी नाही. एखादा पेड कापला गेला तर दोर बाद. दोर एखाद्या जागी चकाकता, कडक झाला आणि चोळूनही मऊ होईना, तर तो वितळला आहे असं समजून तोही बाद करावा. हा धागा दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो, आणि ज्या विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो तिथे भार सोडताना ड्रम चांगलाच तापतो. पोलादी वायरीने ओरखडलेल्या जुन्या रोलरवरून तर हा दोर कधीच नेऊ नये.

उतरवलेली वायर भंगारात देण्यापूर्वी तिचे हातभर तुकडे करावेत. अख्खं वेटोळं तसंच गेलं तर ते वितळायला जाईलच असं नाही. कुणीतरी त्यातली वीसेक मीटर उचलतो आणि फसलेला ट्रॅक्टर ओढायला लावतो.