डेंटिस्टना कोरोनाचा धोका सर्वांत जास्त, असं म्हटलं गेलं; प्रत्यक्षात काय घडलं?

मार्च २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एक आलेख प्रसिद्ध केला होता. कोणत्या कामात कोरोनाची लागण होण्याचा धोका किती, हे त्यात दाखवलं होतं. डेंटिस्ट आणि दातांची सफाई करणारे हायजिनिस्ट त्यात अगदी वरच्या टोकाला होते. दाताच्या दवाखान्यात जायचं की नाही, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

मग ही भीती खरी ठरली का?

धोका कशामुळे?

डेंटिस्टचा चेहरा रुग्णाच्या उघड्या तोंडापासून जेमतेम फूट-दीड फुटावर असतो. उपचार सुरू असताना रुग्णाला मास्क लावता येत नाही. दात कोरण्याचं एअरोटर मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतं. दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सोडावा लागतो. दात साफ करायच्या स्केलरमधूनही पाणी उडतं. या पाण्यात लाळ आणि रक्त मिसळून अतिसूक्ष्म तुषार हवेत पसरतात. त्यांनाच एअरोसोल म्हणतात.

कोरोनाचा विषाणू लाळेतही सापडत होता आणि लक्षणं नसलेली व्यक्तीही तो पसरवू शकत होती. त्यामुळे समोरचा रुग्ण धडधाकट दिसतो, एवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं.

म्हणूनच इंग्लंडमध्ये २५ मार्च २०२० पासून नेहमीचे दंतोपचार थांबवण्यात आले. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १९ मे २०२० रोजी डेंटिस्टसाठी नियमावली काढली. त्यानुसार कंटेन्मेंट झोनमधले दवाखाने बंद राहणार होते आणि रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार करता येणार होते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत जून २०२० मध्ये २,१९५ डेंटिस्टचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या एक टक्क्याहून कमी जणांना कोरोना झाला होता किंवा झाल्याची दाट शक्यता होती. जवळपास सगळेच जण जादा खबरदारी घेत होते.

ब्रिटनमधलं चित्र मात्र वेगळं होतं. तिथल्या मिडलँड्स भागात दाताच्या दवाखान्यांतल्या १,५०७ जणांचं रक्त तपासलं गेलं. १६.३ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडीज आढळल्या. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ६ ते ७ टक्के होतं.

दोन्ही आकडे एकमेकांसमोर ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतल्या डेंटिस्टनी स्वतः माहिती दिली होती आणि तेव्हा अनेकांची चाचणीच झालेली नव्हती. ब्रिटनमध्ये रक्त तपासल्यामुळे नकळत होऊन गेलेला संसर्गही मोजला गेला.

ब्रिटनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णांशी थेट संपर्क नसलेल्या रिसेप्शनिस्टमध्ये अँटीबॉडीजचं प्रमाण ६.३ टक्के, म्हणजे साधारण इतर लोकांइतकंच होतं. दवाखाना एकच, पण धोका डेंटल चेअरजवळच्या कामाशी जोडलेला होता.

मग एअरोसोलचं काय?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठानं २८ रुग्णांवर उपचार सुरू असताना उडालेले तुषार तपासले. त्यातले सूक्ष्मजीव मुख्यतः उपकरणातल्या पाण्यातून आलेले होते, लाळेचा वाटा फारच कमी होता. काही रुग्णांच्या लाळेत कोरोनाचा विषाणू होता, पण तुषारांमध्ये तो सापडला नाही. फवाऱ्याच्या पाण्यानं लाळ खूप पातळ होते, हे याचं एक कारण असू शकतं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे धोका शून्य असा त्याचा अर्थ नाही.

तो आलेख चुकीचा होता का?

नाही. पण त्यात कामाचं स्वरूप मोजलं होतं: माणसांशी जवळीक किती आणि आजाराशी संबंध किती वेळा येतो. खबरदारी घेतल्यावर धोका किती उरतो, हे त्यात नव्हतं.

एन-९५ मास्क, फेस शील्ड, जोरानं पाणी ओढणारं सक्शन, दाताभोवती बसवायचा रबर डॅम, उपचाराआधी चूळ भरायला लावणं आणि खिडक्या उघड्या ठेवणं, यातल्या प्रत्येक उपायानं धोका थोडा-थोडा कमी होतो.

रुग्णाच्या हातातही एक गोष्ट आहे. ताप, खोकला किंवा सर्दी असेल, तर अपॉइंटमेंटच्या आधी फोन करून सांगा. दुखणं सहन होण्यासारखं असेल तर तारीख पुढे नेता येते. पण चेहऱ्यावर सूज आली असेल, रक्त थांबत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर साथीच्या काळातही दवाखाना टाळू नका.