गांव करी तें राव न करी, पण केव्हां?

'गांव करी तें राव न करी' ही म्हण आमच्या तोंडीं सदैव असते. परंतु सरकारांतून एखादा नकाशा आला कीं, तोच गांव एक तर मुकाट्यानें मान डोलावतो, नाहीं तर कोणा पुढाऱ्यामागून एका सुरांत ओरडूं लागतो. ह्या दोहोंपैकीं एकासहि शहाणपण म्हणतां येणार नाहीं, हें गारगोटीकरांपुढें स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रश्न सह्याद्रीच्या रानाचा आहे. प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या समितीनें ऑगस्ट २०११ मध्यें केंद्र सरकारास अहवाल दिला. घाटाच्या कोणत्या भागास किती संरक्षण द्यावें ह्याचा अखेरचा निर्णय ग्रामसभांच्या विचारानें व्हावा, असा तिचा आग्रह होता. पुढें एप्रिल २०१३ मध्यें डॉ. कस्तुरीरंगन ह्यांच्या गटानें उपग्रहचित्रांच्या आधारें सुमारें ३७ टक्के घाटप्रदेश संवेदनशील ठरवून गांवांची यादीच दिली. तींत भुदरगड तालुक्यांतील गांवेंहि आलीं. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत मसुद्यामागून मसुदे निघाले. ज्या वेदगंगेच्या पाण्यावर आमचा ऊंस आणि आमची पेठ उभी आहे ती ह्याच रानांत उगम पावते. तेव्हां हा प्रश्न केवळ डोंगरांतील वाड्यांचा आहे असें दुकानदारानें समजूं नये.

मग निर्णय कोणाचा? बहुजनांच्या बुद्धीस हंसणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९०६ सालीं इंग्लंडांत प्लिमथच्या प्रदर्शनांत एका बैलाच्या मांसाचें वजन ओळखण्याची पैज लागली होती. गाल्टन ह्या शास्त्रज्ञानें ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यांतील मधला अंदाज १२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड होतें!

परंतु ह्यांतील मर्म विसरूं नये. तेथें प्रत्येकानें पदरचे पैसे भरून स्वतःच्या नजरेनें अंदाज केला होता. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून नव्हे. आमच्या व्यापारी बंधूंस हें समजावून सांगणें नलगे. गुळाच्या सौद्यांत जो तो ढेप पाहून, चव घेऊन बोली करतो, तेव्हां खरा भाव निघतो. खरेदीदारांनीं आधींच संगनमत केलें तर माणसें तितकींच असूनहि भाव खोटा ठरतो. सभेंतील एकमताचीहि हीच कसोटी आहे. एका मुखाचे शंभर प्रतिध्वनि म्हणजे शंभर मतें नव्हेत.

तज्ज्ञांसहि आम्ही हेंच सांगूं. कोणता झरा कोणत्या महिन्यांत आटतो, गवे कोणत्या वाटेनें पिकांत उतरतात, हें आकाशांतून काढलेल्या चित्रांत दिसत नाहीं. उलट, वरच्या अंगाला खाण निघाली तर खालच्या नदीचें वीस वर्षांनीं काय होईल, हें केवळ हात वर करून ठरत नाहीं. तेथें शास्त्रच पाहिजे.

ह्या दोहोंची सांगड कशी घालावी, हें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा गांवानें दाखवून दिलें आहे. तेथें अभ्यासगट निराळा आणि ग्रामसभा निराळी. अभ्यासगटांत बाहेरचा जाणकार येऊन बसतो, शंकांस उत्तरें देतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीनें घेते. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारें हें गांव अडाणी होतें असें कोण म्हणेल?

आमची सूचना इतकीच आहे. मसुदा सोप्या मराठींत सभेच्या पुरेसा आधीं गांवांत वाचला जावा. स्त्रिया, धनगर, अल्पभूधारक ह्यांनीं प्रथम आपापल्या बैठकींत बोलावें, म्हणजे मोठ्या आवाजाखालीं त्यांचें मत दडपणार नाहीं. विरुद्ध मतहि नोंदलें जावें. तज्ज्ञानें सही मागण्यास नव्हे, तर प्रश्न ऐकण्यास यावें.

हें समजावून सांगणारें कोणी नाहीं, असें गारगोटीस तरी म्हणतां येणार नाहीं. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव असलेले जे. पी. नाईक ह्यांनीं मौनी विद्यापीठासाठीं हेंच गांव निवडलें होतें. येथील सुशिक्षितांनीं आपली विद्या वाड्यावस्त्यांवर नेऊन वाचून दाखवावी. तेवढें झालें, तर गांव जें करील तें रावासहि मान्य करावें लागेल. न झालें, तर राव करील तेंच गांवास भोगावें लागेल, आणि दोष मात्र नकाशाचा नसेल.