चेटकिणी नेमक्या घाबरवतात कुणाला?

रोआल्ड डाल यांच्या ‘द विचेस’ या कादंबरीतील चेटकिणींना उलटी पावले नाहीत, की मोकळे सोडलेले केसही नाहीत. त्या चारचौघींसारख्या वावरतात. नखे लपविण्यासाठी हातमोजे आणि टक्कल झाकण्यासाठी केसांचा टोप तेवढा वापरतात. बोर्नमथच्या हॉटेलात त्यांचे अधिवेशन भरते, तेही मुलांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या संस्थेच्या नावाखाली! १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या बालकादंबरीची भीती या साधेपणातच दडलेली आहे आणि तिच्यावरील वादाचे मूळही तेथेच आहे.

पुस्तकाला त्याच वर्षी ब्रिटनमधील व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. मात्र, चेटकीण नेहमी स्त्रीच असते, असे निवेदक सांगतो, यावरून स्त्रीद्वेषाचा आक्षेप घेतला गेला. अमेरिकेत १९९० ते १९९९ या काळात ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक तक्रारी झाल्या, अशा शंभर पुस्तकांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ‘द विचेस’ आहे. कथेतील सर्वांत धीराची व्यक्तीही स्त्रीच आहे, याकडे मात्र आक्षेपकांचे फारसे लक्ष जात नाही. नातवाला चेटकिणी ओळखायला शिकविणारी ती सिगार ओढणारी नॉर्वेजियन आजी! डाल यांचे आईवडीलही मूळचे नॉर्वेचेच.

मोठ्यांना सर्वाधिक अस्वस्थ करतो तो शेवट. चेटकिणींनी उंदीर केलेला नायक पुन्हा माणूस होत नाही. त्याच्या वाट्याला आणखी जेमतेम नऊ वर्षे आहेत, असा आजीचा हिशेब. हे ऐकून तो रडत नाही. उलट त्याला आनंद होतो. म्हातारी आजीही साधारण तेवढीच जगणार, मग तिच्यामागे एकटे उरायला नको! आईवडील अपघातात गमावलेल्या मुलाचा हा विचार आहे, हे ध्यानात घेतले की त्यातील तर्क कळतो. निकोलस रोग यांच्या १९९० च्या चित्रपटात त्याला पुन्हा मुलगा करण्यात आले, तेव्हा डाल संतापले होते. रॉबर्ट झेमेकिस यांच्या २०२० च्या चित्रपटात तो उंदीरच राहिला. पण त्यातील चेटकिणींच्या तीन बोटांच्या हातांमुळे अपंग व्यक्तींच्या भावना दुखावल्या आणि वॉर्नर ब्रदर्सला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वाद पुन्हा पेटला. पफिनने डाल यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत शेकडो शब्द बदलल्याचे उघड झाले. ‘द विचेस’मध्ये सुपरमार्केटातील कॅशियर बाईच्या जागी शास्त्रज्ञ आली, स्त्रिया इतर अनेक कारणांनीही टोप वापरतात, त्यात वावगे काही नाही, असा खुलासाही जोडण्यात आला. सलमान रश्दी यांच्यासह अनेकांनी टीका केल्यानंतर, मूळ संहितेच्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवण्याचे प्रकाशकांनी जाहीर केले. उंदराची नऊ वर्षे मात्र दोन्ही आवृत्त्यांत तशीच आहेत.