शुल्काच्या भिंती आणि शिवणारे हात

आग्नेय आशियातील राष्ट्रांनी आपापसांतील व्यापार खुला करण्याचा जो उद्योग गेली तीन दशके चालविला आहे, त्याकडे आम्ही कामगार चळवळीतली माणसे कसे पाहतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. अर्थशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. गिरणीच्या दारात सभा घेता घेता जे वाचले तेवढेच.

१९६७ साली बँकॉक येथे पाच राष्ट्रांनी 'आसियान' संघ स्थापला, तो मुख्यतः राजकारणासाठी. व्यापाराच्या करारास १९९२ साल उजाडले. एकमेकांच्या मालावरील आयातशुल्क हळूहळू ० ते ५ टक्क्यांवर आणावयाचे, असे सिंगापूर येथे ठरले. पुढे व्हिएतनाम, लाओस, म्यानमार, कंबोडिया आत आले. मग चीन, जपान, कोरिया यांच्याशी निरनिराळे करार. भारताशी झालेला करार १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला. एका मालाला दर अनेक! मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती अशा गुंत्याला इटालियन शेवयांच्या वाडग्याची उपमा देतात.

खरी गोम आहे ती मालाच्या उगमाच्या नियमात. सवलत हवी तर किमतीचा निदान ४० टक्के भाग संघातील राष्ट्रांतला असावा, असा मूळ नियम. त्याचा दाखला मिळविण्याची कटकट एवढी, की कित्येक व्यापारी पूर्ण शुल्क भरून मोकळे होत! परंतु सूत कोठले, कापड कोठले हे इतके बारकाईने विचारणारे हे कागद, शिवणाऱ्याला मजुरी काय, हे विचारीत नाहीत. २०२० साली १५ राष्ट्रांनी केलेल्या मोठ्या करारातही कामगारांचे प्रकरण नाही. (भारत त्यातून २०१९ सालीच बाहेर पडला होता.)

हे विचारता येतच नाही काय? १९९९ साली अमेरिकेने कंबोडियाशी कापडकरार केला. कारखान्यांतील स्थिती कायद्याबरहुकूम असेल, तर तयार कपड्यांचा कोटा वाढवून मिळावयाचा. २००१ पासून आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे निरीक्षक कारखान्यांत जाऊ लागले. त्यामुळे मालक सज्जन झाले असे नव्हे. कोट्याचा लोभ होता. १ जानेवारी २००५ रोजी जगातील कापडाचे कोटे संपले आणि तो लोभही संपला. निरीक्षक राहिले, पण त्यांच्या अहवालामागे कोट्याचे वजन राहिले नाही.

जानेवारी २०१४ मध्ये नोम पेन्ह येथे महिना १६० डॉलर किमान वेतन मागणाऱ्या संपकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यात निदान चार जण मेले.