गोखले, गोपाळ कृष्ण : लष्करी खर्चविषयक विचार

देशाचे संरक्षण आणि सरकारी तिजोरी यांच्या परस्परसंबंधांविषयी गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६–१९ फेब्रुवारी १९१५) यांनी मुख्यतः व्हाइसरॉयच्या विधिमंडळात मांडलेले विचार. या विचारांचा पाया १८९७ सालीच घातला गेला. त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडन येथे पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे त्यांनी साक्ष दिली. तीमागे न्यायमूर्ती रानडे यांचे मार्गदर्शन व गणेश व्यंकटेश जोशी यांचा आकडेवारीचा व्यासंग होता. गोखल्यांचे पुणे हे लष्करी ठाणेही होते. शहराच्या उत्तरेस, आजच्या विश्रांतवाडीच्या परिसरालगत, खडकीची छावणी व १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना होता.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सुमारे ७ कोटी रुपयांच्या शिलकीबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यास त्यांनी नकार दिला. दुष्काळाने रयत खंगलेली असता तिजोरी भरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर चढला तरी पूर्वीच्या तुटीच्या काळात वाढविलेले कर तसेच राहिले, हे त्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपया झाला. या कपातीचे श्रेय एकट्या गोखल्यांना देता येत नसले, तरी त्यांच्या सततच्या मागणीचा त्यात वाटा होता.

संरक्षणाची गरज त्यांनी कधीही नाकारली नाही. संरक्षण कोणाचे व कोणाच्या पैशाने, हा त्यांचा प्रश्न होता. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत व १९०० मध्ये चीनमध्ये येथील फौज पाठविता आली, त्या अर्थी ती देशाच्या गरजेहून मोठी आहे आणि साम्राज्याच्या कामासाठी ठेवलेल्या फौजेचा भार इंग्लंडनेही उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. जनतेला निःशस्त्र करून व हिंदी लोकांना अधिकारपदांपासून दूर ठेवून केवळ खड्या सैन्यावर विसंबणारी व्यवस्था महागडी तर असतेच, शिवाय ती खरे बळही देत नाही. याउलट जपान थोडे खडे सैन्य व मोठे राखीव दल यांच्या आधारे कमी खर्चात समर्थ झाला होता. राजाच्या सहीचे पूर्ण अधिकारपद हिंदी लोकांना १९१७ मध्ये, म्हणजे गोखल्यांच्या निधनानंतर, खुले झाले.

सरसेनापती किचनर यांच्या सैन्य-पुनर्रचनेच्या योजनेस त्यांचा विरोध रशियाच्या भीतीभोवती फिरतो. रशियाचा जपानकडून झालेला पराभव (१९०५) आणि हिंदुस्थानलाही लागू झालेला इंग्लंड–जपान करार यांमुळे ही भीती ओसरली असून योजना स्थगित करावी, असे त्यांनी सुचविले. १९०७ च्या इंग्लंड–रशिया करारानंतर हा युक्तिवाद अधिकच बळकट झाला. वाचलेला पैसा प्राथमिक शिक्षण, आरोग्य व शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीकडे वळवावा, ही त्यांची मागणी होती. १९११ चे त्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

या भाषणांना मताचे पाठबळ नव्हते. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर केवळ चर्चा करता येई. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची मुभा दिली, पण लष्करी बाबी त्यातून वगळल्या. १९१९ च्या कायद्यानंतरही लष्करी खर्च मतदानाबाहेरच राहिला. त्यावर मत देण्याचा हक्क लोकप्रतिनिधींना स्वातंत्र्यानंतरच मिळाला.